भूकंपानंतरची तीस वर्षे : किल्लारी परिसराच्या पुनर्वसनाचा इतिहास

इतिहास म्हटला म्हणजे राजवंश, लढाया आणि तह एवढेच बहुतेकांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. क्रमिक पुस्तकांनीही आपल्याला तीच सवय लावलेली आहे. ज्या घटनेने हजारो घरांच्या कुळकथा एका रात्रीत संपल्या, तिची नोंद मात्र बहुधा वर्तमानपत्रांच्या जुन्या गठ्ठ्यांतच पडून राहते. त्यातही आपत्तीचा म्हणून जो इतिहास लिहिला जातो, तो पहिल्या आठवड्याचा असतो. किती माणसे गेली, कोण पुढारी पाहून गेले, कोणी किती निधी दिला, येथवर लिहून लेखणी थांबते. पुढे त्या गावाचे काय झाले, हे विचारणारा क्वचितच भेटतो. आपल्या ज्ञातिबांधवांपैकी पुष्कळांनी १९९३ साली किल्लारी-सास्तूर भागासाठी धान्य, कपडे व रोख रकमा दिल्या असतील. ते दान कोठे रुजले आणि कोठे वाहून गेले, हे पाहण्याजोगा काळ आता लोटलेला आहे. म्हणून हा विषय स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहे.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चार वाजण्यास चार-पाच मिनिटे असताना मराठवाड्याच्या दक्षिण टोकास धरणी हादरली. आदल्या रात्री गणेशविसर्जनाच्या मिरवणुका आटोपून लोक उशिरा निजले होते. लातूर जिल्ह्यातील औसा तालुका आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातील उमरगा तालुका, यांच्या सीमेवरील तेरणा नदीच्या दोन्ही काठची गावे मातीस मिळाली. सरकारी गणनेप्रमाणे ७,९२८ माणसे मृत्युमुखी पडली; इतर अंदाज यापेक्षा मोठे आहेत. जखमींची संख्या सुमारे १६,००० होती. किल्लारी, मंगरूळ, तळणी, सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी ही नावे महाराष्ट्राच्या घराघरांत त्या आठवड्यात प्रथमच उच्चारली गेली.

दख्खनचे पठार म्हणजे अभंग खडक, तेथे भूकंपाचे भय नाही, अशी समजूत विद्वानांतही रूढ होती. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनानगरचा भूकंप झाला आणि तिला पहिला तडा गेला. परंतु त्याचे खापर धरणाच्या जलाशयावर फोडून बाकीचे पठार निर्धास्त राहिले. किल्लारीत तर १९९२ सालापासूनच लहान लहान धक्के जाणवत होते. त्या वर्षीच्या १८ ऑक्टोबरच्या धक्क्याने घरांना तडेही गेले होते आणि गावकरी भयभीत झाले होते. तथापि त्या वेळच्या भूकंपविषयक नकाशात हा मुलूख सर्वांत सुरक्षित पट्ट्यात रंगविलेला होता! २००२ च्या सुधारित नकाशात लातूरचा समावेश तिसऱ्या पट्ट्यात करण्यात आला.

धक्का ६.२ ते ६.४ प्रतीचा, म्हणजे जगातील मोठ्या भूकंपांच्या मानाने मध्यमच. मग इतकी माणसे का गेली? याचे उत्तर घरांच्या बांधणीत आहे. या भागातील सुखवस्तू घर म्हणजे दोन-अडीच फूट, क्वचित त्याहूनही रुंद भिंतींचा माळवदी वाडा. भिंतीला बाहेरून एक व आतून एक असे दगडांचे दोन पदर, मध्ये खडीमातीची भर, आणि सारे मातीतच रचलेले. दोन्ही पदरांना एकत्र बांधणारे आरपार लांब दगड पूर्वीचे चांगले गवंडी घालीत असत. पुढे तो प्रघात सुटत गेला. माथ्यावर तुळया, त्यांवर फळ्या आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. गळती लागू नये म्हणून पावसाळ्यापूर्वी त्यावर आणखी माती पडावयाची. वर्षानुवर्षे तो भार वाढतच राहिला. उन्हाळ्यात असे घर फार थंड राहते, यात शंका नाही. परंतु हादरा बसताच भिंतीचे दोन्ही पदर फाटून बाहेर-आत कोसळले आणि निजलेली माणसे दगडमातीखाली गाडली गेली. पुष्कळ ठिकाणी लाकडी खांब व तुळया ढिगाऱ्यात उभ्या राहिलेल्या दिसत होत्या, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

याउलट गावकुसाबाहेर कुडाच्या व गवताच्या छपराच्या झोपड्यांत राहणारी गरीब माणसे त्या मानाने अधिक वाचली. ज्या दगडी वाड्यावरून घराण्याची प्रतिष्ठा मोजली जात होती, तोच वाडा घराण्याचा काळ झाला.

मुख्यमंत्री शरद पवार त्याच सकाळी किल्लारीत पोहोचले. लातूरचे जिल्हाधिकारी प्रवीण परदेशी यांच्या देखरेखीखाली मदतकार्य सुरू झाले. लष्कर आले, देशातील व परदेशांतील पथके आली. पाठोपाठ पावसाने गाठले, त्यामुळे ढिगारे उपसणे व प्रेतांना अग्नी देणे हेही दुष्कर झाले. मदतीचा ओघ इतका की रस्ते अडले. जुन्या कपड्यांचे ढीग पावसात भिजत पडल्याचे वर्णन त्या वेळच्या अनेक वृत्तांतांत आहे. देणाऱ्यांचा हेतू शुद्ध होता. पण घेणाऱ्यास काय हवे, हे विचारण्यास सवड कोणासही नव्हती.

ही सवड नसणे हीच त्या पहिल्या महिन्यांची मोठी उणीव, असे माझे मत झाले आहे. कारण गावे कोठे व कशी वसवावयाची, हा निर्णय याच दिवसांत झाला. सर्वस्वी उद्ध्वस्त झालेल्या ५२ गावांना नव्या जागी हलवावे, असे ठरले. हा निर्णय सरकारने लादला असे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या दगडांखालून आईबाप, लेकरे काढली, त्या दगडांकडे परत जाण्यास गावकरीच तयार नव्हते. ग्रामसभांतून त्यांनी स्थलांतराचीच मागणी केली. दगड या वस्तूचीच लोकांनी धास्ती घेतली होती. परंतु शोकाच्या पहिल्या महिन्यात माणूस जे मागतो ते पुढच्या पिढीसही सोयीचे असतेच असे नाही. तेराव्याच्या आत वाटणीची बोलणी करू नयेत, असे आपले वडीलधारे सांगतात. येथे तर सबंध गावांचा प्रश्न होता.

जागतिक बँकेच्या कर्जाचे साहाय्य घेऊन १९९४ मध्ये पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम हाती घेण्यात आला. तो १९९८ पर्यंत चालला. ५२ गावे नव्या जागी, आणखी २२ गावांत जागच्या जागी नवी बांधणी, आणि १३ जिल्ह्यांतील सुमारे अडीच हजार गावांत, जेथे घरे पूर्णतः न पडता मोडली होती, तेथे दुरुस्ती व बळकटी, असे त्याचे स्वरूप होते. तोवर लोक पत्र्याच्या तात्पुरत्या निवाऱ्यांत राहिले. हे 'तात्पुरते' दिवस कित्येकांच्या वाट्याला दोन-तीन वर्षे आणि काहींच्या वाट्याला त्याहूनही अधिक आले. मराठवाड्यातील वैशाखात पत्र्याखाली संसार करणे म्हणजे काय, हे त्या भागात नोकरी केलेल्या वाचकांस सांगण्याची गरज नाही.

नव्या गावांपैकी काही सरकारने, तर काही दात्या संस्था व उद्योगसमूहांनी बांधली. पंचवीस हजारांच्या वर घरे उभी राहिली, हा आकडा लहान नव्हे. इतक्या अल्प काळात महाराष्ट्रात असे काम पूर्वी झाले नव्हते. घराचे आकारमान जमिनीवरून ठरले. भूमिहीन व एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यास २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यास ४०० आणि त्याहून अधिक जमीन असणाऱ्यास ७५० चौरस फूट. आमच्या प्राथमिक शाळेचा एक वर्ग २५० चौरस फुटांहून मोठा असतो, यावरून वाचकांनी कल्पना करावी. ज्याचे गेले त्यास तितके द्यावे, हा यामागील हिशेब समजण्यासारखा आहे. परंतु त्यामुळे गावातील उच्चनीचतेची सीमेंटमध्ये कायमची आखणी झाली. मोठ्या घरांच्या ओळी एकीकडे व लहान घरांच्या दुसरीकडे, अशी रचना कित्येक गावांत झाली. एकाच आळीत भाऊबंद, शेजारी, सोयरे राहत होते. ते चारी दिशांना पांगले.

जुने गाव दाट होते. वेस, चावडी, पार, देऊळ, आड, यांभोवती वळणावळणाच्या गल्ल्या होत्या आणि भिंतीला भिंत लागून घरे होती. नवी गावे शहराच्या वसाहतीसारखी सरळ रस्त्यांची आखली गेली आणि जुन्या गावठाणाच्या कितीतरी पट पसरली. रस्ते रुंद झाले खरे. पण त्यांची डागडुजी, दिवाबत्ती व नळयोजना ग्रामपंचायतीच्या तुटपुंज्या उत्पन्नातून कशी व्हावी, याचा विचार आराखड्यात कमी पडला. घरांत गोठ्यास जागा नाही, कडबा ठेवण्यास जागा नाही, धान्याच्या बळदाची तर गोष्टच नको. शेतकऱ्याचे घर म्हणजे केवळ निजण्याची खोली नव्हे, हे आखणाऱ्यांना बहुधा कोणी सांगितले नाही. काही गावे शेतांपासून दूर पडली आणि म्हाताऱ्या माणसांची शेताकडची फेरी सुटली. शौचकूप बांधून दिले, त्यांत पुष्कळांनी सरपण व अडगळ भरून ठेवली, कारण पाणीच नव्हते. पुढे कुटुंबे वाढली, तसतसे लोकांनी पक्क्या घराला लागून पत्र्याचे आडोसे ठोकले. आज त्या गावांत हिंडणाऱ्यास मूळची आखणी शोधावी लागते. घराचा कबाला हाती येण्यास तर कित्येकांना वर्षानुवर्षे तिष्ठत राहावे लागले. पुणेकर वाचकांस यात नवल वाटणार नाही. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरानंतर वसलेल्या सोसायट्यांच्या जमिनीचा मालकीहक्क अर्धशतक उलटल्यावरही चर्चेतच होता.

आता दुसरी बाजू पाहावी. दुरुस्तीच्या अडीच हजार गावांची कथा वर्तमानपत्रांत फारशी आली नाही, कारण तेथे उद्घाटनाची फीत कापण्यासारखे काही नव्हते. येथे सुमारे १,९०,००० घरांचे काम मालकांनी स्वतः करावयाचे होते. पैसे हप्त्याहप्त्याने थेट त्यांच्या बँकखात्यात जमा होत. एका हप्त्याचे काम झाल्याचे अभियंत्याने पाहिले म्हणजे पुढचा हप्ता. रुडकी येथील भूकंपतज्ज्ञ आनंद स्वरूप आर्य यांनी या कामासाठी मार्गदर्शक सूचना तयार केल्या होत्या. त्यांतील युक्त्या साध्याच आहेत. माळवदावरील मातीचा भार हलका करणे, भिंतीत ठराविक अंतरावर आरपार भोक पाडून त्यात काँक्रीटचा बंध घालणे, दारा-खिडक्यांच्या वरून सबंध घराभोवती काँक्रीटचा पट्टा फिरविणे, लाकडी खांब व तुळई यांच्या सांध्यात तिरपे आधार देणे. दगडी घर निषिद्ध नाही, निष्काळजीपणे बांधलेले दगडी घर घातक आहे, हे या कामातून सिद्ध होत होते.

प्रारंभी लोकांचा यावर विश्वास बसेना. दगडाच्या भिंतीत पुन्हा पैसा का घालावा, असे ते विचारीत. पुष्कळांनी आलेल्या रकमेतून जुन्या घराला हात न लावता शेजारी एक खोली बांधली. काहींचे पैसे लग्नकार्यात गेले, काहींचे दारूत गेले. ही गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ही अडचण ओळखून सरकारने एक निराळा मार्ग धरला. प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या साहाय्याने हजारांहून अधिक गावांत महिला मंडळांतील स्त्रियांना 'संवाद सहायक' म्हणून नेमण्यात आले. सरकारी योजना घरोघर समजावून सांगणे, हप्ता कोठे अडला ते पाहणे, गवंडी काम नीट करतो की नाही यावर लक्ष ठेवणे, हे त्यांचे काम. ज्या बायका ग्रामसभेत पदर सावरून मागे बसत, त्या सिमेंट-वाळूचे प्रमाण विचारू लागल्या! गवंड्यांना प्रथम ते रुचले नसेल; पण पुढे त्यांनाही सवय झाली असावी.

याचे फळ १९९८ नंतर दिसले. सरकारी कार्यक्रमाची मुदत संपली, कचेऱ्या उठल्या, अधिकारी बदलून गेले. तरी त्या स्त्रियांची मंडळे टिकली. त्यांनी बचतगट चालविले, आरोग्य केंद्राच्या व पाण्याच्या प्रश्नांत लक्ष घातले. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या खेड्यांतील स्त्रिया तेथे गेल्या आणि भाषा वेगळी असूनही त्यांनी तेथील स्त्रियांना आपला अनुभव सांगितला. २००४ च्या डिसेंबरातील त्सुनामीनंतर त्या तामिळनाडूच्या किनाऱ्यावरही गेल्या. मदत घेणारा मदत देणारा झाला, की पुनर्वसन खऱ्या अर्थाने पुरे झाले असे मानावयास हरकत नाही. ती खूण नव्याकोऱ्या ५२ गावांपेक्षा या दुर्लक्षित गावांत आधी दिसली, हे मला महत्त्वाचे वाटते.

शिक्षक या नात्याने मुलांविषयी थोडे अधिक लिहिले तर वाचकांनी क्षमा करावी. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुले पुण्यास आणली आणि त्यांच्या निवासाची व शिक्षणाची जबाबदारी पत्करली; त्यातूनच पुढे वाघोली येथील शैक्षणिक संकुल उभे राहिले. दुसरे उदाहरण नळदुर्गचे. राष्ट्र सेवा दलाचे जुने कार्यकर्ते पन्नालाल सुराणा यांच्या पुढाकाराने तेथे 'आपलं घर' सुरू झाले. भूकंपात पोरकी झालेली मुले शिकून बाहेर पडल्यावरही ते बंद पडले नाही. इतर निराधार मुलांना त्याने आसरा दिला. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने हराळी येथे शाळा काढली आणि शिक्षणास शेतीची जोड दिली. मुलांना त्यांच्या मुलखातून दूर न्यावे की तेथेच ठेवून शिकवावे, याविषयी मतभेद होऊ शकतो. माझा कल नळदुर्ग-हराळीकडे आहे, कारण मूल शिकून परत आले नाही तर गाव दुसऱ्यांदा रिते होते. परंतु वाघोलीचे एक वैशिष्ट्य आपल्या मंडळाने विशेष ध्यानात घ्यावे. संघटना एका समाजाची होती आणि तिने सांभाळलेली मुले बहुतांशी इतर समाजांची होती. तिन्ही ठिकाणचा समान धागा असा की, ज्यांनी काम धरले त्यांनी ते दहा-दहा, वीस-वीस वर्षे सोडले नाही.

कच्छचा उल्लेख वर आला आहे, तर ज्ञातिसंस्थांच्या संदर्भात तेथील आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. किल्लारीचा अनुभव ताजा असल्यामुळे तेथे सरसकट स्थलांतराला गावकऱ्यांनीच विरोध केला. गुजरात सरकारनेही बहुतेक घरे मालकांच्या हातून, हप्त्यांच्या पद्धतीने बांधून घेतली. अशी सुमारे दोन लाख घरे नव्याने उभी राहिली. तरीही मुंबईत व परदेशांत स्थायिक झालेल्या सधन ज्ञातींकडून आलेल्या पैशावर काही ठिकाणी एकेका ज्ञातीची स्वतंत्र नवी वसाहत झाली आणि जुन्या गावातील इतर जातींची घरे मागे राहिली. नवी वसाहत देखणी झाली. पण गाव दुभंगले. तेथे देणाऱ्यांनी आपल्या माणसांसाठीच दिले होते, आणि दान देताना असे करणे अगदी स्वाभाविक वाटते. म्हणूनच ज्ञातिसंस्थांनी यात सावध राहिले पाहिजे.

आपल्या मंडळाकडे आपत्तीच्या प्रसंगी निधी जमतो. पूर असो, दुष्काळ असो, आपले ज्ञातिबांधव हात आखडता घेत नाहीत. हा निधी बहुधा पहिल्या पंधरवड्यात धान्य, चादरी व भांडी यांत संपतो, वाटपाचे छायाचित्र पुढील वर्षीच्या स्मरणिकेत छापले जाते आणि त्या गावाशी आपला संबंध तेथेच तुटतो. पहिल्या पंधरवड्यात सरकार, लष्कर व शंभर संस्था धावून येतात. तिसऱ्या वर्षी हप्ता अडलेल्या विधवेजवळ, दहाव्या वर्षी महाविद्यालयाची फी भरू न शकणाऱ्या पोरक्या मुलाजवळ कोणी नसते. माझी कार्यकारिणीस अशी सूचना आहे की, यापुढे अशा निधीतील निदान अर्धी रक्कम बँकेत मुदतीने ठेवावी आणि एकच गाव निवडून तेथील मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी ती दहा वर्षे पुरवावी. त्या मुलांची निवड गावच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी व महिला मंडळाने मिळून करावी आणि अर्जात जातीचा रकाना नसावा. या सूचनेस विरोध होईल, याची मला जाणीव आहे. आपला पैसा आपल्या मुलांनाच का नको, हा प्रश्न सभेत उपस्थित होईल आणि तो विचारणारे मंडळाचे जुने, निष्ठावंत सभासद असतील. त्यांच्यासाठी वाघोलीचा व नळदुर्गचा वृत्तांत मी वर दिलाच आहे.

जुन्या किल्लारीच्या जागी आता स्मृतिस्तंभ आहे. दर वर्षी ३० सप्टेंबरला तेथे लोक जमतात आणि गेलेल्यांना मानवंदना दिली जाते. त्या पहाटे जी मुले पाळण्यात होती ती आता तिशी ओलांडून गेली असून त्यांचीही मुले शाळेत जाऊ लागली आहेत. कार्यकारिणीस वेळ असेल तर येत्या ३० सप्टेंबरला दोन-चार सभासदांनी तेथे जाऊन यावे. औशाहून किल्लारीस जाण्यास एस.टी. मिळते.